लघवीची नळी असताना केलेल्या पीएसए तपासणीवर काही ठरवू नका

प्रश्न : माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो) 69 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून लघवीची धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री चार-पाच वेळा उठतात. दीड वर्षापूर्वी टॅमसुलोसिनची गोळी मिळाली होती, पण सकाळी उठताना भोवळ येते म्हणून त्यांनी दोन महिन्यांत बंद केली. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि पाणी काढणारी गोळी घेतात, दोन्ही रात्री. साखर नाही. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत प्रोस्टेट 54 ग्रॅम आणि लघवी झाल्यावर आत 180 मिली शिल्लक, असं आलं. बारा दिवसांपूर्वी सर्दीसाठी मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दुसऱ्या दिवशी लग्नाला कराडहून पुण्याला एसटीने गेलो आणि त्या रात्री लघवी पूर्ण बंद झाली. दवाखान्यात नळी घातली, 900 मिली निघाली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं : क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) 1.1, पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची तपासणी) 11.4. नळी अजून आहे, टॅमसुलोसिन पुन्हा सुरू केलंय. एक डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून टाका. शेजारी म्हणतात, कॅन्सर आहे, मुंबईला न्या. काका म्हणतात, ऑपरेशननंतर पुरुषत्व जातं आणि लघवी धरवत नाही. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठरलंय. अण्णा स्वतः काही बोलत नाहीत, पाणी पिणं तेवढं कमी केलंय. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : ‘दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं.’ लघवी कोंडून आदल्या रात्री मूत्राशय 900 मिलीपर्यंत ताणलेलं, त्यात नळी थेट प्रोस्टेटच्या मधून आत गेलेली, आणि दुसऱ्याच दिवशी पीएसए. अशा वेळी तो आकडा वाढलेला येणारच. 11.4 हा आकडा खोटा नाही, पण त्यावरून कॅन्सर आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. तो रिपोर्ट फाइलला लावा आणि सध्या त्याच्याकडे बघू नका.

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. निरोगी ग्रंथीतून ते रक्तात अगदी थोडं झिरपतं. ग्रंथी मोठी झाली, सुजली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, नळी घातली किंवा कॅन्सर झाला, तर जास्त झिरपतं. का झिरपलं हे रक्ताच्या तपासणीला कळत नाही. म्हणून नळी निघाल्यानंतर 6 आठवडे जाऊ द्या आणि मग पुन्हा करा. त्याआधी लघवीची साधी तपासणी करून संसर्ग नाही याची खात्री करा. आधीचे दोन दिवस वीर्यपतन टाळायचं आणि लांबवर सायकल चालवायची नाही. तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण दोन लॅबच्या यंत्रांत थोडाफार फरक पडतो.

नवा आकडा आला की त्याला प्रोस्टेटच्या वजनाने भागा. मोठी ग्रंथी साहजिकच जास्त पीएसए बनवते, त्यामुळे अण्णांच्या 54 ग्रॅमला 20 ग्रॅमवाल्या माणसाचा नियम लावणं बरोबर नाही. समजा 4.8 आला, तर भागाकार 0.09 येतो. 0.15 ही साधारण मर्यादा धरतात. हा त्याच्या बराच खाली आहे आणि दिलासा देणारा आहे. समजा 9 आला, तर 0.17. मग पुढची तपासणी करायची. साठीतल्या पुरुषांसाठी साधारण 4.5 पर्यंत आणि सत्तरीत 6.5 पर्यंत चालतं, असं वयानुसारचं मापही वापरतात. ‘4 च्या वर म्हणजे कॅन्सर’ हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे आणि त्यापायी पुष्कळ घरांची झोप विनाकारण उडते.

एका गोष्टीसाठी मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट तपासतात, ती तपासणी झाली की नाही हे तुमच्या पत्रात नाही. झाली नसेल तर पुढच्या भेटीतच मूत्ररोगतज्ज्ञांकडून करून घ्या. मिनिटभराचं काम आहे, अण्णा संकोचतील, पण तिला पर्याय नाही. वाढलेली साधी ग्रंथी बोटाला अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागासारखी लागते, गुळगुळीत आणि दबणारी. कॅन्सरची गाठ मधल्या बोटाच्या पेरावरच्या हाडासारखी, टणक. अशी गाठ लागली तर पीएसए कितीही असो, पुढच्या तपासण्या लगेच करायच्या.

अण्णांचा लघवीचा त्रास आणि कॅन्सर यांचा संबंध शेजाऱ्यांना वाटतो तसा सरळ नाही. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या मार्गाभोवती असते. वयाबरोबर वाढतो तो तिचा आतला, मार्गाला लागून असलेला भाग. म्हणून धार बारीक होते. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या, गुदद्वाराकडच्या भागात सुरू होतो, मार्गापासून लांब. त्यामुळे सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये लघवीला बहुधा काहीच होत नाही, आणि ज्याला लघवीचा त्रास होतो त्याला बहुतेक वेळा साधी वाढ असते. दोन्ही एकाच माणसात असूही शकतात, म्हणून तपासायचं. ‘लघवी अडली म्हणजे कॅन्सर’ हे गणित मात्र चुकीचं आहे.

दुसऱ्या वेळीही पीएसए चढाच राहिला, तर थेट सुया टोचून तुकडे काढण्याआधी (बायोप्सीआधी) प्रोस्टेटचा एमआरआय करून घ्या. त्यात संशयाला 1 ते 5 गुण देतात. 1-2 असेल आणि वरचा भागाकारही कमी असेल तर बायोप्सी बहुधा टाळता येते. 4-5 असेल तर त्या जागेतून नेमके तुकडे घेता येतात. आणि समजा कॅन्सर निघालाच, तरी तो कुठल्या जातीचा यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांना तीन गटांत वाटलं होतं : एका गटाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन आणि एकावर फक्त नियमित लक्ष. 2023 मध्ये 15 वर्षांचे निकाल आले. तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले लोक सुमारे 3 टक्के होते. म्हणून आजच्या आज मुंबईला धावण्याची गरज नाही. सहा आठवड्यांनी काही निघालं, तर टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी सगळे रिपोर्ट हातात घेऊन जाणं जास्त उपयोगाचं.

आता त्या रात्री लघवी का अडली ते बघू, कारण ऑपरेशनचा निर्णय पुष्कळसा त्यावर आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये एक स्नायू असतो. तो आवळला की वाट अरुंद होते. टॅमसुलोसिन हा स्नायू सैल करतं. सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन नेमकं त्याच जागी उलटं काम करतं, म्हणजे तो आवळतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करतं, तसंच खालीही आवळतं. त्याच गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिनही असतं. त्याने मूत्राशयाचा जोर कमी होतो. म्हणजे पुढून दार लागलं आणि मागून ढकलणाराही थकला. त्यात कराड-पुणे एसटीचा प्रवास, मध्ये उतरायचं म्हणजे गाडी सुटायची भीती, म्हणून धरून ठेवलेलं. मूत्राशय एका मर्यादेपलीकडे ताणलं की त्याच्या स्नायूला आकसताच येत नाही, मग कितीही कुंथा.

असं ठोस कारण सापडलेली अडकण, काही कारण नसताना आपोआप झालेल्या अडकणीपेक्षा सुटण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ‘ऑपरेशन करून टाका’ याआधी नळी काढून बघण्याची एक संधी अण्णांना मिळायलाच हवी. टॅमसुलोसिन किमान दोन-तीन दिवस पोटात गेल्यावर ही चाचणी करतात. तुमचे दहा-अकरा दिवस झाले आहेत, म्हणजे आता उशीर करायचं कारण नाही. ती अशी करतात : सकाळी लवकर दवाखान्यात नळी काढायची, म्हणजे अडचण आलीच तर ती दिवसाउजेडी येते, रात्री दोनला नाही. नंतर तासाला साधारण एक पेला पाणी. एकदम दोन लिटर पाजायचं नाही, त्याने मूत्राशय पुन्हा ताणतं. प्रत्येक वेळची लघवी मापात धरायची. दोन-तीनदा झाल्यावर सोनोग्राफीने शिल्लक बघायची. दर वेळी दीडशे-दोनशे मिली होतेय आणि आत दोनशेच्या आसपास किंवा कमी उरतंय, तर घरी जायचं. झाली नाही किंवा तीनशे-चारशे आत राहिली, तर पुन्हा नळी आणि मग ऑपरेशनचं बोलायचं. अण्णांची ग्रंथी 54 ग्रॅमची आणि वय सत्तरीला टेकलेलं, या दोन गोष्टी विरुद्ध बाजूला आहेत. क्रिएटिनिन 1.1 म्हणजे मूत्रपिंडावर ताण दिसत नाही, आणि निघालेली लघवी लिटरच्या आत होती, या दोन त्यांच्या बाजूने.

तोवर नळीची काळजी. युरोबॅग (लघवीची पिशवी) नेहमी कमरेच्या खाली राहिली पाहिजे, झोपतानासुद्धा, पण जमिनीला टेकता कामा नये. पलंगाच्या पट्टीला टांगा. नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी सैल ठेवून बांधा, म्हणजे वळताना ओढ बसत नाही. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. दिवसातून दोनदा नळीभोवती साबण-पाण्याने धुवा, आणि धुताना मागे सारलेली शिश्नाची कातडी पुन्हा पुढे आणायला विसरू नका. मागेच राहिली तर काही तासांत सुजून अडकते आणि ते फार दुखतं. नळी आत फुग्याने अडवलेली असते. अण्णांनी वैतागून ओढली तर फुगा मार्ग फाडत बाहेर येतो. हे त्यांना स्पष्ट सांगा. आणि एक गोष्ट : नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप-थंडी नसताना केवळ कल्चर रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू करू नका, त्याने पुढे औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. थंडी वाजून ताप आला, तीन-चार तास पिशवीत काहीच आलं नाही आणि पोट टणक झालं, किंवा रक्ताच्या गुठळ्या आल्या, तर मात्र त्याच वेळी दवाखाना.

पाणी कमी करणं बंद करायला सांगा. नळी असताना लघवी गढूळ आणि दाट झाली की नळी तुंबते. दिवसभरात दीड ते दोन लिटर, बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत.

सोनोग्राफीतल्या त्या 180 मिलीबद्दलही तोच प्रश्न विचारायचा : मोजलं कधी? सोनोग्राफी केंद्रावर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. ‘पाणी प्या, फुल झालं की सांगा’ म्हणतात. माणूस लिटरभर पाणी पिऊन नंबराची वाट बघत बसतो, पोटात गोळा येतो, आणि आत घेतात तेव्हा मूत्राशय सहा-सातशे मिली भरलेलं असतं. मग घाईघाईत संडासात जाऊन येतो, पुढचा रुग्ण दारात उभा. अशा ताणलेल्या मूत्राशयातून तरुण माणसाचीसुद्धा पूर्ण लघवी होत नाही. रिपोर्टमध्ये ‘लघवीपूर्वी इतके मिली’ हा आकडाही असतो, तो बघा. तो 500 च्या वर असेल तर शिल्लकीचा आकडा भरवशाचा नाही. पुढच्या वेळी नेहमीसारखी लघवी लागली की तपासून घ्या, शांतपणे करू द्या, आणि 10-15 मिनिटांच्या आत शिल्लक मोजायला सांगा. जास्त निघाली तर पुन्हा एकदा जाऊन येऊ द्या आणि पुन्हा मोजा. धारेचा वेग मोजायची तपासणी असते, तिलाही हेच लागू. एका वेळी किमान 150 मिली झाली नाही तर तो आलेख ग्राह्य धरत नाहीत. सेकंदाला 15 मिलीच्या वर वेग चांगला, 10 च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता मोठी.

आणि रात्रीचं चार-पाच वेळा उठणं. ते सगळं प्रोस्टेटच्या माथी मारू नका. अण्णा अ‍ॅम्लोडिपिन घेतात, त्याने पुष्कळांच्या पायांवर सूज येते. दिवसभर पायात साठलेलं ते पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवीतून बाहेर पडतं. त्यात लघवी वाढवणारी गोळी रात्री! म्हणजे झोपायच्या वेळी नळ सोडल्यासारखं आहे. ही गोळी सकाळी किंवा दुपारी घेता येईल का, हे बीपीच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदलू नका. संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायला सांगा, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जातं.

नळी निघाल्यावर तीन दिवसांची लघवीची वही ठेवा. हजारो रुपयांच्या तपासणीतून न कळणारी गोष्ट हिच्यातून कळते. एक प्लॅस्टिकचं मापाचं भांडं, वही, पेन संडासात ठेवायचं. वेळ आणि मिली, बस. शेजारी चहा-पाणी किती प्यायलं ते. समजा, अण्णा दहाला झोपले आणि नोंद अशी आली : 12 वाजता 180, 2 वाजता 210, 4:10 ला 190, सकाळी 6 ला 240. बेरीज 820. सकाळची पहिली लघवी रात्रीतच धरायची, कारण ती रात्रीच बनलेली असते. पूर्ण 24 तासांची 1,900 असेल तर रात्रीचा वाटा 43 टक्के झाला. या वयात एक-तृतीयांशापेक्षा जास्त म्हणजे शरीर रात्री जास्त लघवी बनवतंय. प्रोस्टेट कापून हे थांबणार नाही. मग पायांची सूज, हृदय, गोळ्यांच्या वेळा, रात्रीचा चहा, आणि जोरात घोरता घोरता श्वास अडकण्याचा विकार, ही कारणं शोधायची. उलट दर वेळी 60-80 मिलीच होत असेल, तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही किंवा चिडलेलं आहे, आणि मग प्रोस्टेटवर बोट ठेवता येईल. ऑपरेशननंतर ‘धार चांगली झाली, पण रात्री उठणं तसंच आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांत पुष्कळजण असे असतात ज्यांची ही वही आधी कोणी मागितलीच नव्हती.

भोवळीचंही बहुधा तिथेच उत्तर आहे. टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम आणि बीपीच्या दोन गोळ्या, सगळ्या रात्री एकदम. पहाटे अण्णा झटक्यात उठले की डोक्याकडचं रक्त खाली, आणि भोवळ. टॅमसुलोसिन जेवणानंतरच घ्यायचं, उपाशीपोटी ते रक्तात झपाट्याने चढतं. बीपीच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या, आणि उठताना आधी पलंगावर मिनिटभर पाय सोडून बसायचं. एवढं करूनही त्रास झाला तर दुसरी गोळी आहे, पण न विचारता बंद करणं नको. गोळी बंद होती म्हणूनच सर्दीच्या एका गोळीने अण्णांना त्या रात्रीपर्यंत नेलं.

54 ग्रॅमच्या ग्रंथीला टॅमसुलोसिनच्या जोडीने ड्युटास्टेराइड 0.5 मिलिग्रॅम देता येतं. टॅमसुलोसिन वाट सैल करतं, ड्युटास्टेराइड ग्रंथी साधारण पाव भागाने आटवतं आणि पुन्हा लघवी अडण्याचा व ऑपरेशनचा धोका कमी करतं. पण त्याला सहा महिने लागतात, धीर धरावा लागतो. काहींना कामेच्छा कमी होणं, स्तनांत दुखरेपणा जाणवतो. मोठी अडचण अशी की ते पीएसए जवळपास निम्मा करतं. म्हणून आधी सहा आठवड्यांनंतरचा पीएसए करा, मगच ही गोळी सुरू करा. आणि सुरू झाल्यावर सहा महिने ते वर्षाने आलेला आकडा दुप्पट धरून वाचा. दोन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात आणि घरच्यांना आत ड्युटास्टेराइड आहे हे माहीतच नसतं, तेव्हा पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा. घरात कोणी गरोदर असेल तर फुटलेल्या कॅप्सूलला तिने हात लावू नये. गोखरूच्या काढ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. त्याने प्रोस्टेट लहान होते असा भरवशाचा पुरावा नाही. आणि धातूंची भस्मं असलेली औषधं, लघवी तुंबून गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर, मुळीच नकोत.

ऑपरेशन कधी टाळायचं नाही ते सांगते. औषध चालू असताना नळी काढली आणि लघवी झालीच नाही. पुन्हा पुन्हा संसर्ग होतोय. मूत्राशयात खडा झालाय. लघवीतून वारंवार रक्त जातंय. मूत्रपिंड फुगलंय किंवा क्रिएटिनिन चढतंय. यातलं काहीही असेल तर गोळ्यांवर महिने काढू नका. सतत अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाचा स्नायू शेवटी ढिला पडतो, आणि मग वाट मोकळी करूनही ढकलायला कोणी उरत नाही. असं होताना दुखतही नाही. अंथरुणात नकळत लघवी होणं ही कधी कधी भरून वाहणाऱ्या मूत्राशयाची पहिली खूण असते. घरचे तिला म्हातारपण समजतात.

अण्णांच्या आकाराच्या ग्रंथीला दुर्बिणीतून, लघवीच्या मार्गाने आत जाऊन, मधला वाढलेला भाग खरवडून काढतात. त्याला टीयूआरपी म्हणतात. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, साधारण तास-दीड तास, एक ते तीन दिवस नळी. शक्यतो बायपोलर उपकरणाने होतं का विचारा. त्यात धुण्यासाठी सलाइन वापरतात, त्यामुळे जुन्या पद्धतीत पाणी रक्तात शोषून सोडियम घसरायचा जो धोका होता तो टळतो. होल्मियम लेझर कुठल्याही आकाराला चालतं आणि फार मोठ्या ग्रंथीला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना विशेष सोयीचं, पण ‘लेझर म्हणजे ऑपरेशनच नाही’ ही जाहिरात खरी नाही. 54 ग्रॅमला हात बसलेल्या सर्जनची साधी टीयूआरपी उत्तम. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर न्या.

काकांची भीती दोन वेगळ्या ऑपरेशनांची सरमिसळ आहे. कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढतात, तेव्हा ताठरतेच्या नसा आणि लघवी धरणारी झडप यांना धोका असतो. टीयूआरपीत ग्रंथीचं कवच जागेवरच राहतं. नसा त्या कवचाच्या बाहेरून जातात आणि लघवी धरणारी मुख्य झडप त्याच्या खाली असते. कायमची लघवी गळणं साधारण शंभरात एकाला. ताठरता बहुतेकांची आधी होती तशीच राहते. एक मात्र बहुतेकांच्या बाबतीत बदलतं, आणि ते आधी सांगितलं नाही तर माणूस हबकतो : वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीबरोबर निघून जातं. सुख तसंच राहतं. हे अण्णांना तुमच्या भावाने किंवा डॉक्टरांनी, खोलीत दुसरं कोणी नसताना, सांगावं. ते गप्प आहेत याचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

ऑपरेशन झालं तर काढलेले तुकडे तपासणीला पाठवलेत ना, ते विचारा आणि रिपोर्ट मागून घ्या. त्यानंतरही पीएसए बंद करायचा नाही, कारण बाहेरचा भाग अजून आतच आहे. चार ते सहा आठवडे जड उचलणं, मोटारसायकल, कुंथणं नको. दहा-बारा दिवसांनी एकदम लघवी लाल होते, कारण आतली खपली सुटते. भरपूर पाणी प्यायल्यावर एक-दोन दिवसांत निवळते. गुठळ्या येऊन धार अडली तरच धावायचं.

सर्दीच्या गोळीसारख्या आणखी काही गोष्टी अण्णांना कायमच्या नकोत : पोटदुखीसाठी सहज दिलं जाणारं डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, अंगाला खाज सुटली की घेतात ती झोप आणणारी जुनी अ‍ॅलर्जीची गोळी. ही नावं कागदावर लिहून त्यांच्या औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा आणि मेडिकलवाल्यालाही एक प्रत द्या. सर्दी झाली तर वाफ आणि मिठाच्या पाण्याचे थेंब. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, भरलेलं आतडं पुढच्या वाटेवर दाब देतं. लांबच्या एसटीच्या प्रवासात गाडी थांब्यावर लागली की लघवी लागलेली नसली तरी जाऊन यायचं.

आणि मोतीबिंदू. टॅमसुलोसिनमुळे डोळ्याची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट पसरत नाही, बुबुळ सैल पडून फडफडतं आणि मध्ये येतं. सर्जनला आधी माहीत असेल तर तो त्याची औषधं आणि बुबुळ धरून ठेवणाऱ्या बारीक आकड्या तयार ठेवतो, काम सुरळीत होतं. माहीत नसेल तर अडचण ऑपरेशन टेबलावर उघड होते. गोळी आठवडाभर आधी थांबवून हा परिणाम जात नाही, महिन्यांपूर्वी घेतलेली असली तरी राहू शकतो. म्हणून गोळी बंद करू नका. त्या दिवशीच्या कागदावर, नाव आणि वयाच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहा : ‘टॅमसुलोसिन चालू आहे, दीड वर्षापूर्वीही दोन महिने घेतलं होतं.’ मोतीबिंदू काही आठवड्यांनी पुढे गेला तर बिघडत नाही. नळी आत असताना मात्र तो करू नका, आधी नळीचं मार्गी लावा.